हजराचे केस

मंगळवारी संध्याकाळी मी वाटी धरून बसलो होतो. कोमट केलेल्या खोबरेल तेलाची वाटी. ते माझं काम होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर चटई, चटईवर माझी बायको हजरा, तिच्या मागे प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर आमची सून मार्ता, आणि बाजूला मी. मार्ता वाटीत बोटं बुडवायची, हजराच्या डोक्यात भांग पाडायची, तिथं तेल सोडायची आणि अगदी कातडीला चिकटून बारीक वेणी विणत मानेपर्यंत न्यायची. एक झाली की शेजारी दुसरी. भाताची लावणी करावी तशा ओळी. गॅसवर नारळाच्या दुधातला भात शिजत होता आणि हिरवी केळी तळून, वाटीनं चेपून, परत तळायला काढून ठेवली होती. केळी मार्ताची, भात दोघींचा. तिच्या गावीही तसाच भात करतात, मासळीबरोबर. "दुखतंय?" मार्ता मधेमधे विचारायची. आमच्या भाषेतला हा एक शब्द तिला पक्का येतो. "नाय गो, ओढ तू," हजरा डोळे मिटून म्हणायची.

अर्धं डोकं झालं आणि मार्ताची ड्यूटीची वेळ झाली. ती इथं आखातात, सीफ भागातल्या एका हॉटेलात काउंटरवर असते, कधी दिवसाची शिफ्ट, कधी संध्याकाळची. "अम्मी, बाकी सुबह," म्हणाली आणि हात धुवायला पळाली. हजरानं कपाटाच्या आरशात बघितलं. एका बाजूला घट्ट ओळी, दुसऱ्या बाजूला केसांचा हा एवढा डोंगर. मी म्हटलं, "अशीच बाजारात चल. लोक तिकीट काढून बघतील." ती म्हणाली, "तुमच्या टकलावर पण घालायला सांगू का दोन? जागा खूप हाय." मग आम्ही जेवलो. तिनं केळी माझ्या ताटात सरकवली, तिला पित्त होतं म्हणून. पहाटे ती उठली नाही. खलास. डॉक्टर काय म्हणाला ते लिहून काय उपयोग.

खरं तर मला लिहायचं होतं आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष. मी चौथी शिकलेला माणूस, जहाज दुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून जन्म काढला, लिहायची सवय नाही. पण हजरा म्हणायची, पोरांना आपली भाषा समजते पण ती बोलत नाहीत, निदान वाचून दाखवायला कोणीतरी मिळेल, तुम्ही लिहा. लिहायला बसलो तर हात परत परत त्या वाटीकडेच जातो. म्हणून तिथून सुरू केलं. आता मागे जातो.

आमचं गाव रायगडात, खाडीच्या काठाला. घर कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीला लागून चूल. माझी आई पहाटे तांदूळ दळायला बसायची, त्या जात्याच्या आवाजानं मी जागा व्हायचो आणि परत झोपायचो. सांदण करायची तर आदल्या रात्रीपासून घरात आंबूस वास. भरती आली की पाणी मागच्या बांधावर थापा मारायचं. त्या घरात हजरा आली तेव्हा मला नीट मिशी नव्हती. ती मुरूडकडची. तिचा बाप गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, माझ्या बापाचा जिगरी दोस्त. दोघांनी होडीत बसून लग्न ठरवून टाकलं, बायकांना विचारलंच नाही. मुलगी घरात आली, आईनं ओढणी मागे केली आणि बघतच राहिली. रंग काळा, ते चाललं असतं, आमच्यात काळे काय कमी आहेत. पण केस. तारेच्या चोथ्यासारखे, दाट, मुळापासून गोल गोल. हजराच्या आईची आई सिद्दी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिद्दी म्हणजे फार जुन्या काळी आफ्रिकेतून समुद्रावरून आमच्या किनाऱ्याला आणलेले, आलेले लोक. त्यातल्या काहींनी राज्य केलं, जंजिऱ्यावरून तोफा डागल्या. बाकीच्यांनी ओझी वाहिली. आमच्या गावात राज्य कोणाच्या लक्षात नव्हतं. ओझी सगळ्यांच्या लक्षात होती.

आईनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाहीर करून टाकलं, "सुनेचे केस अरबी हायत. तिच्या बापाकडं अरबांचा अंश हाय." आमच्या कोकणी मुसलमानांत हे नेहमीचं. ज्याला त्याला वाटतं आपला मूळपुरुष अरबस्तानातून घोडे नाहीतर खजूर घेऊन आला. बोलायचं रत्नागिरी-रायगडचं, खायचं बोंबील-भाकर, आणि रक्त अरबी. असेलही थोडं. समुद्रकाठच्या माणसात कोणाचं काय असेल कोण सांगणार. पण हजराच्या डोक्यावर ती गोष्ट बसवायला आईनं वर्षभर हाल केले. न्हाणं झालं की एरंडेल थापायची, ओले केस ओढून ओढून फडक्यानं आवळून बांधायची, तशीच तिला चुलीपुढे बसवायची. कंगवा घालायची तेव्हा दात तुटायचा, टक्‌ असा आवाज. मी पडवीत जाळं शिवत बसलेलो असायचो आणि तो टक्‌ ऐकू यायचा. हजराचा आवाज मात्र कधी आला नाही. गल्लीतली पोरं "हबशीण, हबशीण" करत पळायची तेव्हाही नाही. फडकं सोडलं की अर्ध्या दिवसात केस परत होते तसे व्हायचे. आई हरली नाही, केसही हरले नाहीत. शेवटी ओढणी कपाळापर्यंत ओढायची आणि कोणापुढे काढायची नाही, असं ठरलं. ते हजरानं अख्खा जन्म पाळलं. गोष्ट अशी मुरली की पुढं आमचा मुलगा इम्रान झाला, त्यालाही आजीनं हेच सांगितलं. अरबी केस.

आता गंमत बघा. आम्ही आलो खऱ्या अरबांच्या देशात. यार्डात आमचा फोरमन इथलाच, मनाचा मोठा माणूस. एकदा चहाला बसलो असताना मी म्हटलं, माझे वाडवडील अरब होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं, आणि हसून माझ्या पाठीवर थाप मारली. "इंता हिंदी, यूसुफ. हिंदी." तू हिंदुस्तानी. वाईट काही नव्हतं त्यात. पासपोर्टवर तेच लिहिलेलं. आणि आमच्याबरोबरच्या केरळच्या, बिहारच्या पोरांना विचारलं तर ती म्हणायची, यूसुफभाई बॉम्बेवाला. पुण्याचे इंजिनिअर साहेब होते, ते माझं मराठी ऐकून विचारायचे, "अरे वा, तुम्ही मराठी कसं काय इतकं चांगलं बोलता?" जसा मी कुठून शिकून आलो. मी म्हणायचो, आईच्या पोटात शिकलो साहेब.

इम्राननं तीन-चार वर्षांमागे सांगितलं की हॉटेलातल्या एका मुलीशी लग्न करायचं आहे. तो तिथंच अकाउंट्सला. मी विचारलं, कुठली? म्हणाला, "पप्पा, शी इज स्पॅनिश. म्हणजे स्पॅनिश बोलते." मी पुढचं ऐकलंच नाही. ती कलमा पढून मुसलमान व्हायला तयार आहे म्हणाला, तेवढं पुरे झालं. मी फोन घेतला आणि सगळीकडे सांगितलं, सून स्पेनची. गावाला मोठ्या भावाला सांगितलं. इथं झिंज भागात अमीनाखाला राहतात, आमच्या लोकांत सगळ्यात वडील बाई. बाळंतपण, निकाह, आणि कोणाची बाई मेली तर तिला शेवटचं न्हाऊ घालणं, सगळं त्यांच्याच हातून. त्यांना सांगितलं. लोकांनी मनात काय धरलं ते मला माहीत होतं, कारण मीही तेच धरलं होतं. गोरी, तांबूस केसांची बाई.

आणि अमीनाखालांच्या हॉलमध्ये इम्रानबरोबर मार्ता आत आली. आमच्या हजरापेक्षा दोन छटा काळी. उंच, दात पांढरेशुभ्र, डोक्यावर रुमाल, हातात केकचा डबा. बायकांच्या हातातल्या बशा थांबल्या. अमीनाखालांनी तिला बसायला सांगितलं, सरबत दिलं, आणि मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यूसुफभाई, स्पेनमधी ऊन लय हाय वाटतं." सगळ्या हसल्या. मार्ताही हसली, तिला काय कळणार.

घरी आल्यावर मी मार्ताला समोर बसवलं. मला गोल गोल बोलता येत नाही. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "बेटी, तू है कौन?" इम्रान ओरडला, "पप्पा, प्लीज!" पण तिला राग आला नाही. तिला हॉटेलात रोज कोणीतरी विचारतं. हिंदी आणि इंग्रजी मिसळून तिनं मला सांगितलं. देश कोलंबिया, पासपोर्ट तिथला. भाषा स्पॅनिश, कारण स्पेनवाल्यांनी जुन्या काळी येऊन राज्य केलं, तेच नाव देऊन गेले, तेच बोलणं. आणि कातडी आफ्रिकेची, कारण त्याच लोकांनी जहाजात घालून तिच्या पणजोबांच्या पणजोबांना आणलं. ती म्हणाली, "पप्पा, अमेरिकन गेस्ट पूछता है, ब्लॅक है या लॅटिना है? मैं बोलती, दोनो. वो बोलता, एक बताओ." मग तिनं फोनवर तिच्या आईला लावलं. त्या छोट्या पडद्यात अख्खं गाव दाटीवाटीनं घुसलं. आई मार्तासारखी काळी. तिच्या शेजारी मावशी, तर ती कागदासारखी पांढरी, डोळे हिरवे. मागे एक मामा, चपटं नाक, सरळ काळे केस, तिथल्या मूळच्या डोंगरी लोकांसारखा. मी म्हटलं, हे सगळे कोण? "फॅमिली," मार्ता म्हणाली. सगळे स्पॅनिश? "सब. लेकिन स्पेन का कोई नही." स्पेनचे पाहुणे हॉटेलात येतात तेव्हा ती त्यांच्याशी घडाघडा बोलते. ते म्हणतात, तुझं बोलणं गावठी आहे. ती म्हणते, असू दे, तुमच्या शहराची नाही मी. मला फोरमन आठवला. एकच नमाज, एकच खजूर, पण मी त्याच्या देशाचा नाही.

मी हे शिकलेल्या माणसासारखं मांडू शकत नाही. मला एवढं कळलं की माणसावर तीन चिठ्ठ्या असतात. एक कातडीवर, ती अल्लानं लावलेली. एक जिभेवर, ती आईनं. एक खिशात, ती सरकारनं. लोक एक वाचतात आणि बाकीच्या दोन आपल्या मनानं भरतात. मी स्वतः "स्पॅनिश" वाचून तिला गोरी केली होती.

हजरा हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी ती आत आली, मार्तासमोर चटईवर बसली, आणि तिनं ओढणी काढली. माझ्या आईशिवाय आणि माझ्याशिवाय ते डोकं उघडं कोणी बघितलं नव्हतं. इम्राननंही लहानपणीच काय ते. "माजे बघ," ती म्हणाली, "माजी नानी पण तिकडचीच." मार्तानं हात लावला. बोटं आत घातली, मुळापर्यंत, अडली नाहीत. "आय, मामी," एवढंच म्हणाली, तिच्या भाषेत आईला मामी म्हणतात, आणि रडायला लागली. तिला इथं येऊन इतकी वर्षं झाली होती, आईसारखे केस हाताला लागले नव्हते. मग तिनं पर्समधून मोठ्या दातांचा कंगवा काढला. तो तुटला नाही. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी चटई, स्टूल आणि माझी वाटी. हजरा एकदा मला म्हणाली, "मी मेली तरी केसांना हिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाय. सांगून ठेवते." मी म्हटलं, मरणार मी आधी, माझ्या टकलाचं बघ. तिनं लाटणं उगारलं होतं.

तर बुधवार. न्हाऊ घालायची जागा कब्रस्तानाला लागूनच. बायकांची वेगळी खोली, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात लोखंडी बाकं. ऊन असं की बाकाला हात लागत नव्हता. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजेच्या आधी दफन करायचं ठरलेलं. अमीनाखाला दोन बायकांना घेऊन आल्या, बाह्या मागे सारलेल्या, कामाच्या घाईत. मार्ता त्यांच्याबरोबर आत जायला निघाली. खालांनी तिला दारात हात आडवा लावला. "तू बैस बाहेर. हे आमचं काम हाय." इम्रान म्हणाला, "खाला, तिनं कलमा पढलाय." खाला म्हणाल्या, "निकाहासाठी पढलेला कलमा मना माहीत हाय बाबा. स्पेनची म्हण, हबशी म्हण, ख्रिस्तीण म्हण, आमच्या मय्यताला आमच्याच बायका." इम्रान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मार्ता बाकावर बसली नाही. दाराशेजारी उभी राहिली, हात पोटाशी धरून. मी हजराचं बोलणं विसरलो नव्हतो. पण मला वाटलं, आता भांडण नको, तिचं लवकर होऊ दे.

आत पाण्याचा आवाज सुरू झाला. बादली, तांब्या, परत बादली. मग थांबला. बायका आपसात बोलायला लागल्या. आमच्यात बाईचे केस सोडून धुतात, हलक्या हातानं विंचरतात, आणि तीन वेण्या घालून मागे सोडतात. त्यांना त्या बारीक वेण्या सुटेनात. एक बाई म्हणाली, "हे काय करून ठेवलंय डोक्याचं? अर्धी इकडं, अर्धी तिकडं." दुसरी म्हणाली, "ही बाजू बघ गो, असे केस कोणाचे असतात?" आणि मग मला तो आवाज आला. टक्‌. कंगव्याचा दात. मी इतक्या वर्षांनी परत पडवीत बसलो होतो. आणि खाला म्हणाल्या, "वेळ नाय. कातर हाय का कोणाकडे?"

मी उठून दारावर थाप मारली. व्हरांड्यात आमचे वीसेक पुरुष असतील, सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "खाला, कातर लावायची नाही. मार्ताला आत घ्या."

आतून खाला, "यूसुफभाई, तुम्ही बाजूला व्हा. बायकांचं काम हाय."

"तिला वेण्या सोडवता येतात. तिनंच घातल्यात."

"ती आमच्यातली नाय."

"मग हजरा पण नव्हती," मी म्हटलं. "हजरा हबशीण होती. तिची नानी सिद्दी. अरबी-बिरबी काही नव्हतं, माझ्या आईनं बनवलेली गोष्ट होती ती. ह्या पोरीचं आणि तिचं डोकं एकाच मुलुखातून आलंय, एक इकडच्या जहाजातून, एक तिकडच्या. आता ऐका. आपण शाफई पंथाचे आहोत. आपल्यात नवऱ्याला बायकोला न्हाऊ घालता येतं. एकतर मार्ता आत येते, नाहीतर मी येतो. दार उघडा."

 मागून एकानं खोकल्यासारखं केलं. नवऱ्यानं न्हाऊ घालणं आमच्यात जायज आहे, पण मी जन्मात कोणी केलेलं बघितलं नाही, आणि खालांनीही नसेल. शेवटी कडी निघाली. खालांचे हात ओले होते, चेहरा उतरलेला. म्हाताऱ्या झाल्या आहेत त्याही. माझ्याकडे न बघता त्यांनी मार्ताचं मनगट धरलं आणि आत घेतलं.

पाणी परत सुरू झालं. मी दाराशीच उभा होतो. मार्ताच्या पर्समधला कंगवा अडला नाही, आवाजच आला नाही. फक्त एकदा, अगदी हळू, तिचं ऐकू आलं, "दुखतंय?" आणि मग कोणीतरी आत रडलं, मला वाटतं खालाच.

कफन बांधायच्या आधी मला चेहरा दाखवला. तीन वेण्या मानेमागे गेलेल्या, जाड, सारख्या. कपाळ उघडं. लग्नाच्या दिवशी आईनं ओढणी मागे केली तेव्हा दिसलं होतं तेवढंच. खाला बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "माज्याच्यानं झालं नसतं." एवढंच. मार्ताबद्दल काही बोलल्या नाहीत, माफी-बिफी तर नाहीच, आणि परत जाताना तिला सलामही केला नाही. आम्ही मातीला गेलो. वाळू कोरडी होती, मुठीत राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज पढून मी स्वयंपाकघरात गेलो. फोन वाजला, गावाहून मोठा भाऊ. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "काय बोललास तू लोकांसमोर? इकडं सगळ्यांच्या मोबाइलवर आलंय. आईनं एवढी वर्षं झाकलं, आणि तू कब्रस्तानात उघडं केलंस? माज्या नातीच्या सोयरिकीचं चाललंय, तिकडून विचारणा आलीय आमच्यात हबशी कोण म्हणून. तू आता काही दिवस गावाला येऊ नको." मी म्हटलं, बरं. काही दिवस म्हणजे किती ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आमच्या वयाला त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता. त्याच गावाच्या मातीत माझे आईबाप आहेत. मी फोन उलटा करून ठेवला.

मग मी गॅस पेटवला, वाटीत तेल घातलं, कोमट केलं. का केलं विचारू नका. सकाळी बाकीचं अर्धं करायचं ठरलेलं होतं. चटई अंथरली, स्टूल ठेवलं, आणि माझ्या जागेवर बसलो. मार्ता पाणी प्यायला आली, डोळे सुजलेले. तिनं वाटी बघितली.  स्टूल बाजूला सारून ती चटईवर बसली, हजरा बसायची तिथं, रुमाल सोडला, आणि वाटीत बोटं बुडवून स्वतःच्या डोक्याला तेल लावायला लागली. "पप्पा, थोडा उपर," म्हणाली. मी वाटी वर धरली. थोडं तेल चटईवर सांडलं. ते मी पुसलं नाही.